मिस्त्रींची पालथी खुर्ची

मी एक जुनी पालथी खुर्ची आहे. मित्रांनो, खुर्ची म्हटलं की तुम्ही पाठ टेकवून, पाय पसरून आरामात बसाल. माझ्याकडे तशी सोय नाही. माझ्यावर माणूस उलटा बसतो. गुडघे खालच्या गादीवर, छाती तिरप्या फळीवर आणि तोंड वरच्या गोल भोकात. मग तो जमिनीकडे बघत राहतो, तासन् तास, दिवसेंदिवस. मला बघून लहान मुलं हसतात आणि मोठी माणसं विचारतात, ही कसली शिक्षा? शिक्षा नाही, उपचार आहे. पण माझ्यात बसलेल्या माणसाला त्यातला फरक पटवणं अवघड जातं, हे मी अनुभवाने सांगते.

डोळ्यांच्या एका इस्पितळातल्या सुताराने मला घडवलं. बाहेरच्या व्हरांड्यातला एक लांबलचक बाक मोडला होता. त्याच्या लाकडातून माझे पाय झाले, छातीची फळी झाली. तोंडाच्या भोकाचं माप सुताराने स्वतःच्याच चेहऱ्यावरून घेतलं आणि तिथेच घोळ झाला, कारण सुतार होता हडकुळा. पहिलाच रुग्ण आला तो गुबगुबीत गालांचा. त्याचं तोंड आत गेलं ते काही केल्या बाहेर येईना. सिस्टरने त्याच्या गालांना तेल चोळलं तेव्हा कुठे सुटका झाली. त्यानंतर सुताराने भोक वाढवलं, कडेने जाड फोम बसवला आणि वर काळं रेक्झिन ठोकलं. डॉक्टरीणबाई मला बघून म्हणाल्या, "दिसायला भयंकर आहे, पण कामाची आहे." माझ्या आयुष्यात मला मिळालेली ही सगळ्यात मोठी शाबासकी.

माझं काम समजायला सोपं आहे. आपल्या डोळ्याच्या आत, अगदी मागच्या बाजूला एक नाजूक पडदा असतो. त्याच्यामुळे आपल्याला दिसतं. कधीकधी तो फाटतो आणि मागच्या भिंतीपासून सुटतो. डॉक्टर तो पुन्हा जागेवर बसवतात आणि तो चिकटेपर्यंत दाबून धरायला डोळ्यात वायूचा एक बुडबुडा सोडतात. बुडबुडा नेहमी वर जाणार. म्हणून माणसानेच तोंड खाली करायचं, म्हणजे बुडबुडा वर जाऊन मागच्या पडद्याला टेकतो. आठ-दहा दिवस असं पालथं राहायचं. कुणाला उशीवर जमतं, कुणाला टेबलावर डोकं ठेवून. ज्यांना कशातच जमत नाही त्यांना सिस्टर मला घरी न्यायला देतात. अशी मी कितीतरी घरं बघितली. म्हणजे खरं तर घरं नाही, त्या घरांतल्या जमिनी आणि माझ्या भोकातून खाली डोकावणारे चेहरे. माणूस खालून कसा दिसतो हे तुम्हाला ठाऊक नसेल. गाल लोंबतात, नाक मोठं होतं आणि कुणी बघत नाही असं वाटून माणूस खुशाल रडतो.

मग ती कोरोनाची साथ आली. एका सकाळी वॉर्डबॉयने मला ढकलत ढकलत सामानाच्या खोलीत नेलं, एका मोडक्या स्ट्रेचरला टेकवलं आणि बाहेरून कुलूप लावलं. खोलीला खिडकी नव्हती. शेजारी जंतुनाशकाचे डबे येऊन पडत होते, तेवढीच काय ती सोबत. एरवी महिन्यातून तीन-तीन घरं फिरणारी मी, आता आठवड्यांमागून आठवडे भिंतीकडे तोंड करून उभी होते. दाराबाहेर सिस्टरचं बोलणं कानावर यायचं. "पडद्याचे पेशंट येईनातच," त्या एकदा कुणाला तरी म्हणाल्या. "लोकांचे पडदे सुटायचे थांबलेत की काय?"

डॉक्टरीणबाईंचं उत्तर मला स्पष्ट ऐकू आलं. "सुटतायत. घरात बसून सुटतायत. येतील ते, पण उशिरा येतील."

मित्रांनो, त्या अंधाऱ्या खोलीत मला त्या वाक्याचा फार धसका बसला.

शेवटी कुलूप निघालं ते मिस्त्रींसाठी. मिस्त्री म्हणजे फरशी बसवणारे कारागीर. वय पन्नाशीच्या पुढे, खांदे रुंद, बोटं सिमेंटने कायमची खरखरीत झालेली. त्यांचा डावा डोळा लहानपणीच चुना उडून गेला होता. त्याने फक्त उजेड आणि अंधार कळायचा. उजव्या एका डोळ्यावर त्यांनी तीस वर्षं फरश्या बसवल्या होत्या, आणि दोन फरश्यांमधला त्यांचा सांधा दोरी लावून बघावा इतका सरळ असायचा. आता नेमका तोच डोळा गेला होता.

तो कसा गेला हेही मी त्यांच्याच तोंडून ऐकलं. टाळेबंदीत काम बंद. बसून बसून कंटाळले म्हणून मिस्त्री घरातली जुनी हत्यारं घासत होते. तेव्हा डोळ्यासमोर काळे ठिपके तरंगायला लागले, कडेला वीज चमकल्यासारखं व्हायला लागलं. दुसऱ्या कुणाला भीती वाटली असती. मिस्त्रींना वाटलं, सिमेंटची धूळ गेली. धुळीचं आणि त्यांचं नातं जुनं. पाण्याचे हबके मारायचे, फडक्याने पुसायचं, दोन दिवसांत डोळा निवळतो, हा त्यांचा नेहमीचा इलाज. या वेळी त्यांनी आठ दिवस हबके मारले. बस बंद, रिक्षा बंद, जवळच्या दवाखान्याला टाळं. औषधाच्या दुकानदाराने काउंटरपलीकडूनच थेंबांची बाटली सरकवली. नवव्या दिवशी मिस्त्रींना समोर बसलेल्या बायकोचा चेहरा अर्धाच दिसला, तेव्हा ती माउली भाजीच्या टेंपोवाल्याच्या हातापाया पडून त्यांना इस्पितळात घेऊन आली.

डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. "पडद्याचा मधला भागही सुटलाय. पहिल्या दोन दिवसांत आला असतात तर गोष्ट वेगळी होती. आता चिकटवू, पण नजर पूर्वीसारखी होईल असं मी सांगणार नाही."

"रेघ सरळ दिसेल का?" मिस्त्रींनी एवढंच विचारलं.

"बघू," त्या म्हणाल्या.

आधी घशातला नमुना घेतला, कोरोना नाही असा कागद आला, मग शस्त्रक्रिया झाली. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर त्यांच्या घरी गेले.

घर तळमजल्यावर, दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीची खिडकी इमारतीच्या चौकात उघडायची. वहिनींनी उजेड हवा म्हणून मला त्या खिडकीपाशीच ठेवलं. वहिनी म्हणजे मिस्त्रींच्या पत्नी; सगळी इमारत त्यांना वहिनीच म्हणायची, म्हणून मीही म्हणते. मिस्त्रींनी तोंड माझ्यात घातलं आणि पहिलं काय केलं असेल? कपाळाला आठ्या घातल्या. डोळ्यात बुडबुडा असला तरी अगदी नाकापुढची वस्तू त्यांना अंधुक दिसायची, आणि माझ्या बरोबर खाली एक फरशी होती. वाकडी.

"हे कुणी बसवलंय?" ते खेकसले.

"तुम्हीच," वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "लग्नाच्या आधल्या दिवशी, घाईघाईत. वीस वर्षं सांगतेय, काढून नीट बसवा म्हणून. आता बघा दहा दिवस डोळे भरून."

मिस्त्री हसले. त्यांच्या हसण्याने माझी फळी हलली. इतक्या माणसांना मी पोटाशी धरलं, पण माझ्यात तोंड घालून हसलेला हा पहिलाच. सुरुवातीचे दिवस असे बरे गेले. वहिनी स्टुलावर बसून वर्तमानपत्र वाचून दाखवायच्या, पेल्यात नळी घालून चहा द्यायच्या, वेळेवर डोळ्यात थेंब घालायच्या. मिस्त्री डोळ्यातल्या बुडबुड्याची हालहवाल सांगायचे. "पाणसळीतल्या बुडबुड्यासारखा डुलतो बघ. डोकं जरा वाकडं केलं की पळतो. माझ्या डोक्यातच पाणसळ बसवून दिली बाईंनी." पाणसळ म्हणजे जमीन सपाट आहे का ते बघायचं कारागिराचं हत्यार. आपलं हत्यार आपल्या डोळ्यात आलं याची त्यांना मोठी गंमत वाटायची.

पण खिडकी उघडी होती आणि चौकात ये-जा करणाऱ्या लोकांना आमची ही गंमत ठाऊक नव्हती. त्यांना काय दिसायचं? एक धडधाकट माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत पालथा पडलाय. आणि त्या दिवसांत पालथं पडणं म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही माहीत झालं होतं. टीव्हीवर रोज सांगायचे, कोरोनाच्या रुग्णाला दम लागला तर पालथं झोपवा, छातीत हवा चांगली जाते. झालं! मिस्त्रींना कोरोना झालाय आणि वहिनी लपवतायत, ही बातमी दुपारपर्यंत चौथ्या मजल्यावर पोचली.

दूधवाला दारात थांबेनासा झाला. समोरचं दार आमचं दार उघडलं की मिटायचं. पाचव्या दिवशी इमारतीचे सेक्रेटरी खिडकीपासून दहा पावलांवर उभे राहिले. ते एका कचेरीतून निवृत्त झालेले गृहस्थ होते, तोंडावर एकावर एक दोन मास्क.

"वहिनी, खरं काय ते सांगून टाका. वर म्हातारी माणसं आहेत."

"अहो, डोळ्याचं ऑपरेशन झालंय त्यांचं!" वहिनींनी इस्पितळाचा कागद खिडकीतून बाहेर धरला. सेक्रेटरींनी लांबूनच मान पुढे काढून तो वाचला, आणि नेमकी पहिलीच ओळ त्यांच्या डोळ्यांत भरली: रुग्णाने दिवसभर पालथे राहावे.

"हेच तर आम्ही म्हणतोय," ते म्हणाले.

कोरोना नसल्याचा कागदही वहिनींनी दाखवला. तो आठवड्यापूर्वीचा होता. मधल्या काळात तुम्ही इस्पितळात राहून आलात ना, असं सेक्रेटरींनी विचारलं. दुसऱ्या दिवशी पांढरे अंगरखे घातलेली पालिकेची दोन माणसं आली. त्यांनी दोघांच्या घशातला नमुना घेतला, दारावर आडव्या फळ्या ठोकल्या, कागद चिकटवला आणि सांगितलं, अहवाल सेक्रेटरींच्या फोनवर येईल, तोवर कुणी बाहेर पडायचं नाही. खिडकीतून सामान घ्यायचं.

मित्रांनो, प्रत्येक खिळ्याचा ठोका माझ्या लाकडात उतरला. सामानाच्या खोलीत मी एकटी कोंडलेली होते, ते मी सोसलं. इथे माझ्यामुळे दोन माणसं कोंडली गेली. मी नसते, मिस्त्री साध्या उशीवर आतल्या खोलीत पडून राहिले असते, तर कुणाला काय दिसणार होतं? मला माझ्याच आकाराची लाज वाटली.

दहाव्या दिवशी तपासणीला जायचं होतं. जाता आलं नाही. सिस्टर फोनवर म्हणाल्या, "काही वेगळं दिसलं तर ताबडतोब कळवा." आणि त्याच दिवशी दुपारी ते वेगळं दिसलं.

मिस्त्री पाणी प्यायला उठले होते. बुडबुडा आता निम्म्याहून लहान झाला होता, वरच्या बाजूने थोडं थोडं दिसायला लागलं होतं. खिडकीची चौकट दिसली म्हणून सकाळीच ते खूश झाले होते. ते उभे राहिले आणि तसेच थांबले. मग हळूच माझ्याकडे आले, तोंड माझ्यात घातलं आणि अगदी बारीक आवाजात म्हणाले, "वरून काळं उतरतंय."

वहिनी आत होत्या. त्यांना त्यांनी हाक मारली नाही.

का नाही मारली, ते मला नंतर उमगलं. दाराला फळ्या होत्या. सांगून बायकोचा जीव फक्त टांगणीला लागेल, असं त्यांना वाटलं असावं. शिवाय कारागिराचा एक हिशेब त्यांच्या डोक्यात बसला होता. ताजी फरशी उचलली गेली तर तिच्यावर आणखी वजन ठेवतात. तसं आपण आणखी पालथं राहिलो तर बुडबुडा आणखी दाबेल आणि सुटलेला पडदा परत बसेल. म्हणून ते उठेचनात. जेवणही माझ्यातच. मानेला गोळे आले, कपाळावर माझ्या फोमचा लाल वळ उमटला, तरी उठले नाहीत. वहिनी म्हणाल्या, "दहा दिवस झाले की आता, जरा बसा ना सरळ."

"राहू दे. पक्कं बसू दे," ते म्हणाले.

पण मित्रांनो, मला ठाऊक होतं. इतकी वर्षं सिस्टरचं बोलणं ऐकून मला पाठ झालं होतं. पडदा पुन्हा सुटला तर पालथं पडून तो चिकटत नाही. तेव्हा एकच करायचं, इस्पितळ गाठायचं. मी त्यांना म्हणत होते, उठा. उठा हो मिस्त्री, माझ्यातून बाहेर पडा. मी लाकडाची. माझा आवाज त्यांना कुठून ऐकू येणार? ते आणखी घट्ट तोंड दाबायचे आणि मी त्यांना धरून ठेवायचे. ज्या कामासाठी मला बनवलं तेच काम मी करत होते आणि त्या कामानेच त्यांचं नुकसान होत होतं. माझ्या भोकाखालच्या वाकड्या फरशीवर दोन दिवस टपटप पाणी पडत होतं.

बाराव्या दिवशी सकाळी वहिनींनी चहाचा पेला पुढे केला. मिस्त्रींनी हात लांबवला तो पेल्याच्या वीतभर बाजूला. वहिनींनी पेला खाली ठेवला आणि नवऱ्याच्या उजव्या डोळ्यासमोर हात हलवला.

"किती बोटं?"

मिस्त्रींनी चाचपडत तो हात धरला.

"कधीपासून?"

"परवा दुपारपासून."

त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी सरळ इस्पितळाला फोन लावला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आत्ता निघा. मी ऑपरेशनचं टेबल तयार ठेवते." वहिनी तशाच खिडकीपाशी गेल्या आणि चौकात असा आवाज दिला की चारही मजल्यांच्या खिडक्या उघडल्या.

"सेक्रेटरी! खाली या! हा फोन ऐका!"

सेक्रेटरी आले. खिडकीच्या गजांतून वहिनींनी फोन बाहेर धरला होता. डॉक्टरीणबाईंचा आवाज सगळ्या चौकाने ऐकला. "या माणसाला एकच डोळा आहे आणि तो या क्षणी जातोय. पालथं मी त्याला राहायला सांगितलंय. कोरोनाचा आणि त्याचा काही संबंध नाही. कुणाची परवानगी हवी असेल तर मला नंबर द्या."

सेक्रेटरी म्हणाले, "परवानगी नको. अहवाल आलाय. दोघांनाही काही नाही."

"कधी आला?" वहिनींनी विचारलं.

"परवा." त्यांनी मास्क सारखा केला. "म्हटलं, चुकीचाही असतो कधीकधी. आणखी दोन-चार दिवस राहू द्या बंद, काय बिघडतंय..."

सेक्रेटरी धावत घरी गेले, हातोडी घेऊन आले आणि फळ्यांवर दणादण मारत सुटले. जन्मात त्यांनी कधी खिळा उपटला नसावा. आतून मिस्त्रींचा आवाज आला, "ठोकू नका, आणखी आत जातील. उलट्या बाजूने धरा. खाचेत डोकं अडकवा आणि मागे ओढा. हां, असं." आंधळा होत चाललेला माणूस दाराआडून शिकवत होता आणि त्याला कोंडणारा बाहेरून ऐकत होता. तीन महिने न हललेली सेक्रेटरींची गाडी चालू होईना, तेव्हा खिडक्यांमधली माणसं खाली उतरली आणि त्यांनी ती फाटकापर्यंत ढकलली. मला टपावर बांधलं. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या भोकातून आभाळ बघितलं, पण मला त्याचा आनंद झाला नाही.

पुन्हा शस्त्रक्रिया झाली. या वेळी बुडबुडा नाही, डोळ्यात तेल भरलं. पुन्हा मिस्त्री माझ्यात, पण आता इस्पितळाच्या खोलीत. सहा आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंनी तपासलं. पडदा चिकटला होता. मिस्त्रींना माणूस ओळखता येत होता, रस्ता दिसत होता, पाटीवरची मोठी अक्षरं लागत होती. मग बाईंनी दाराच्या चौकटीकडे बोट केलं. "हे कसं दिसतं?"

मिस्त्रींनी मान कलती करून बघितलं. "मधे वाकलंय," ते म्हणाले. "सरळ आहे ना ते?"

"सरळ आहे," बाई म्हणाल्या.

मिस्त्रींनी मान डोलावली. फरशीचं काम संपलं, हे त्यांना कुणी वेगळं सांगायची गरज पडली नाही.

सेक्रेटरी त्या दिवशीही गाडी घेऊन आले होते. ते दाराशी चुळबुळत उभे होते. शेवटी त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलंच, "अहवाल आला त्याच दिवशी दार उघडलं असतं, तर?"

"सांगता येत नाही," बाई म्हणाल्या. "कदाचित जास्त दिसलं असतं. कदाचित नसतंही."

मिस्त्री त्यांच्या दिशेने वळले. "जाऊ द्या, साहेब. दोन दिवस तुम्ही कागद लपवलात आणि दोन दिवस मी अंधार लपवला. निम्मं तुमचं, निम्मं माझं."

वहिनी औषधांची पिशवी भरत होत्या. त्यांचे हात थांबले. "वाटून घेतलंत ना दोघांनी?" त्या म्हणाल्या. "मी त्या दोन दिवसांत त्याच घरात होते. चहा देत होते, पेपर वाचून दाखवत होते. एकाने खिडकीबाहेरून सांगितलं नाही, एकाने खिडकीआतून. मला कळलं असतं तर मी त्या फळ्या दातांनी काढल्या असत्या."

दोघा पुरुषांपैकी कुणालाही वर बघवलं नाही. मी कोपऱ्यात उभी होते आणि मलाही बघवलं नाही, कारण त्या दोन दिवसांत ते मलाही माहीत होतं.

मित्रांनो, मी अजून त्याच इस्पितळात आहे. माझं रेक्झिन फाटलंय, एक पाय डुगडुगतो, तरी माझ्यावाचून अडतं. म्हातारीचं एक मागणं ऐका. डोळ्यापुढे ठिपके नाचले, वीज चमकली, कडेने सावली आली, तर धूळ म्हणून पुसत बसू नका. त्याच दिवशी घरात सांगा आणि डॉक्टरकडे जा. शेजारचं कुणी पालथं पडलेलं दिसलं तर लांबूनच निकाल लावू नका, काय झालं म्हणून विचारा. आणि कुणाच्या जिवाची गोष्ट तुमच्या हाती आली, तर ती ज्याला कळायला हवी त्याला लगेच सांगा. मला बोलता आलं नाही. तुम्हाला येतं.